जीपचा मागचा ॲक्सल : कुठला भाग कशाचा (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी २०२५, रविवार

इंजिन आणि गिअरबॉक्स शेडमध्ये उतरवले. पुढून जोरात मार खाल्लेल्या बोलेरोचं २५२३ सीसीचं डिझेल, सोबत तिचाच पाच गिअरचा बॉक्स, टू-व्हील ड्राइव्ह. जाणार आहे ते नव्वदच्या दशकातल्या महिंद्रा जीपमध्ये. जीप मूळची फोर-व्हील. मधल्या कुणा मालकाने ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा) काढून विकली, पुढचा ॲक्सल निव्वळ ओझं म्हणून राहिला आणि मागे चार गिअरचा बॉक्स तिरक्या प्रोपेलर शाफ्टने (बॉक्सपासून ॲक्सलपर्यंतच्या फिरत्या दांड्याने) कसाबसा जोडला. साठच्या पुढे गेलं की सीटखाली घरघर.

इंजिन बदलाची परवानगी आधी घेतली आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आधी गाडी बांधायची आणि मग आरटीओत कागद घेऊन उभं राहायचं, हे मला जमणारं नाही.

इंजिन माउंटिंगचं डोकं मिस्त्री मामांचं. उद्यमनगरात त्यांचा हात मानतात. माझ्याकडे आला मागचा ॲक्सल. मी गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये आहे, म्हणून मामा मला इंजिनेर म्हणतात, आणि त्यात कौतुक किती व टोमणा किती हे अजून कळलेलं नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न, "ॲक्सल कुठला हाय तुझा?" मी म्हटलं, महिंद्राचा. ते म्हणाले, "महिंद्राचा म्हंजे कोल्हापूरचा माणूस म्हटल्यागत झालं. गल्ली सांग."

१२ जानेवारी, रविवार

जीप घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) चढवली. चाकं काढताना दाजींना आधीच बजावलं होतं : डाव्या बाजूचे नट उलट आट्याचे आहेत. जुन्या जीपची ही खूण. स्टडच्या डोक्यावर गंजाखाली एल दिसतो. उजव्या चाकाच्या सवयीने लांब पाइप लावून ताकद काढली की स्टड तुटून हातात येतो. डावीकडे उलटे आटे नसले किंवा उजवीकडे दिसले, तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) कधीतरी बदललाय एवढं लगेच कळतं. आमच्याकडे दोन्ही बाजू नियमात बसल्या.

मग रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या होतात ते. कव्हर न उघडता मोजायची रीत सोपी आहे, पण ती अर्धीच माहीत असते. डिफरन्शल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) उघडं असेल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारं लॉक नसेल, तर एक चाक अडवून दुसरं फिरवलं की चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राऊनची (ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाची) एक फेरी. हे विसरून लोक निम्माच आकडा सांगतात. दुसरं म्हणजे एकदोन फेऱ्यांवर भरवसा ठेवू नये. ४.१० आणि ४.२७ मधला फरक एका फेरीत डोळ्याला दिसत नाही. डाव्या ड्रमला ठोकळा लावला, दाजींनी उजवा ड्रम वीस फेऱ्या फिरवला, मी प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारून मोजत बसलो. त्रेपन्न आणि वर पाऊण. क्राऊनच्या दहा फेऱ्या झाल्या, म्हणजे ५.३७ च्या आसपास.

तिरक्या शाफ्टचं कारणही समोर आलं. पिनियन (क्राऊनला फिरवणारं लहान दातेरी चाक) गाडीच्या मध्यावर नाही, उजवीकडे सरकलेली आहे. फोर-व्हील जीपची जुनी मांडणी अशीच : ट्रान्स्फर केसमधून मागे जाणारा शाफ्ट उजव्या अंगाने निघतो, म्हणून मागच्या ॲक्सलचा गोळाही (क्राऊन-पिनियन ज्यात असतात तो फुगीर भाग) उजवीकडे. टू-व्हील बॉक्सचा शाफ्ट मध्यातून निघतो. दोघांची गाठ घालून दिली की शाफ्ट वर-खाली आणि आडवा असा दोन्हीकडून तिरका चालतो, क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) लवकर जातात. सीटखालची घरघर तीच असावी.

आणखी एक गोष्ट, जी आत्ताच लिहून ठेवायला हवी. या गाडीला मागच्या चाकांत हँडब्रेक नाही. जुन्या मांडणीत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो. केस गेली तेव्हा हँडब्रेकही गेला. इतकी वर्षं ही जीप चाकाखाली दगड घालून उभी राहत होती. नवा ॲक्सल बघताना बॅकप्लेटमध्ये (ब्रेकमागच्या पत्र्यात) हँडब्रेकची लिव्हर आहे का, हे यादीत वरच्या बाजूला.

१८ जानेवारी, शनिवार

कव्हर उघडलं. दहा बोल्ट. तेल काळं आणि दाट, पण लोखंडाचा चुरा नाही. क्राऊनच्या कडेला ठोकलेले आकडे चिंधीने पुसल्यावर दिसले : ४३ आणि ८. भागून ५.३७५. रविवारचं मोजमाप बरोबर.

क्राऊनचा व्यास २१६ मिमी. ओतीव गोळा, दोन्ही बाजूंनी नळ्या ठोकून बसवलेल्या, मागून उघडणारं कव्हर : डाना ४४ या अमेरिकी ॲक्सलच्या वळणाची रचना. ॲक्सल शाफ्ट बाहेर काढले. बाहेरच्या टोकाला टेपर (निमुळता भाग), त्यावर चावी (शाफ्ट आणि हब एकमेकांत अडकवणारी लोखंडी पट्टी) आणि मोठा नट, हब वेगळा. आतल्या टोकाला १९ स्प्लाइन (लांबट खाचा). दोन शाफ्टच्या मध्ये ठोकळा, आणि शाफ्टची पुढे-मागे हालचाल बॅकप्लेटमागच्या शिमने (पातळ चकतीने) धरलेली. म्हणजे जुनी जात. याच घराण्यातल्या आणखी जुन्या जीपला १० स्प्लाइन असतात, नंतरच्यांना ३०. बाहेरून गोळा सारखा दिसला तरी शाफ्ट एकमेकांत जात नाहीत.

टेपर हबचं मला कधीच पटलं नाही. नट जरा सैल राहिला की चावी कापली जाते, शाफ्ट आत फिरतो आणि गाडी जागेवर. नवं इंजिन जास्त ताकदीचं. हा ॲक्सल नुसता गिअर बदलून ठेवायचा विचार आज बाद केला.

१९ जानेवारी

कागदावरचं काम. टायर २१५/७५ आर १५, बोलेरोचेच घेणार. गाडीच्या वजनाखाली एक फेरी जमिनीवर मोजली : २.१५ मीटर. गिअरबॉक्स टेबलावर होता, पाचव्यात टाकून इनपुट आणि आउटपुटला खुणा केल्या. इनपुट पाच फेऱ्या, आउटपुट सहाच्या किंचित पुढे. पाचवा ०.८२ धरला. चौथा एकास एक.

इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना पाचव्यात :
५.३७५ वर ८८ किमी,
४.८७५ वर ९७,
४.२७ वर ११०,
३.७३ वर १२७.

शेवटचा आकडा बघून दाजींचे डोळे चमकले. पण मी २००० फेऱ्यांचं बघतो, कारण हे डिझेल तिथेच खुशीत असतं. २००० ला ५.३७५ म्हणजे ५९ किमी, हायवेवर मागचे ट्रक हॉर्न मारणार. ३.७३ म्हणजे ८४, पण आंबा घाटात माणसं आणि सामान घेऊन सतत दुसरा गिअर, क्लचचा वास. ४.२७ म्हणजे ७४. माणसं भरून पन्हाळ्याला, एकटा असलो की पुण्याच्या रस्त्याला. ४.२७ ठरलं.

म्हणजे क्राऊनला ४७ दात आणि पिनियनला ११. भंगारात हेच बघायचं.

२६ जानेवारी, रविवार

शिरोलीकडे भंगाराच्या दोन गोदामांत. हाती आलेल्या ॲक्सलना मी गाडीचं नाव दिलं नाही, अक्षरं दिली. जीपचा आमचा तो अ. विक्रेता जे नाव सांगतो ते त्याला आधीच्या विक्रेत्याने सांगितलेलं असतं.

ब : गोळा मध्यावर, मागून दहा बोल्टचं कव्हर. शाफ्टला बाहेर अखंड फ्लँज (चाक बसवायची चकती), टेपर नाही. बॅकप्लेटमध्ये हँडब्रेकची लिव्हर आणि केबलचं तोंड. "बोलेरोचं हाय, फोर पॉइंट टू सेवन. डोळं झाकून न्या." डोळे उघडे ठेवूनच न्यायचं होतं, पण ते म्हणाले आज कव्हर उघडता येणार नाही, तेल सांडतं.

क : तसाच, पण एक नळी डोळ्यालाही वाकलेली दिसते. कव्हर आधीच गायब, आत पावसाचं पाणी. क्राऊनवर ४७ आणि ११ स्पष्ट. किंमत नुसत्या लोखंडाची.

ड : हा दाजींनी शोधला. "पावणं, पाच नट, पीसीडी आपलाच. बसत्यात की!" बसतात खरे. जुन्या जीपचा आणि जिप्सीचा पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, एकच, १३९.७ मिमी. पण नट बसले म्हणजे चाक बसलं, ॲक्सल नव्हे. ड ला मागून कव्हर नाही, गोळा पुढून बोल्ट काढून अख्खा बाहेर येतो. क्राऊन आमच्यापेक्षा बराच लहान. हलक्या पेट्रोल गाडीसाठी बनवलेल्या गिअरवर डिझेलचा टॉर्क घालायचा नाही. दाजी परतीच्या वाटेवर जरा गप्प होते, तावडे हॉटेलपाशी चहा झाल्यावर बोलू लागले.

शिवाय एक सुटा कॅरियर (क्राऊन ज्यावर बसतो ते डिफरन्शलचं घर) दाखवला, "थारचं लॉकवालं". महिंद्राने २०१५ च्या थारला ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉक दिलं होतं, त्यात आत क्लचच्या चकत्या आणि एक छोटा गव्हर्नर असतो. खिडकीतून बघितलं तर साधे दोन स्टार (छोटे गिअर), दोन साइड गिअर (शाफ्ट ज्यात शिरतात ते) आणि एक पिन. लॉकचा पत्ता नाही. ठेवून दिला.

ब आणि क दोन्ही घेतले. क का, असं दाजींनी विचारलं. आतल्यासाठी.

२ फेब्रुवारी, रविवार

वायर ब्रशने ब घासला. गोळ्यावर उठावाचे आकडे निघाले आणि घरात सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर ते शोधायला सुरुवात केली. शेजारचे अण्णा फौंड्रीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले. ते सकाळी पेपर घेऊन आले, आकडे बघितले आणि हसले.

"हा पॅटर्नचा नंबर. माल ओतला तवाचा. त्यावरनं तुला रेशो कसा कळंल?"

त्यांचं म्हणणं असं. उठावाचा आकडा साच्यातून येतो, ओतकामाची ओळख सांगतो. एकाच ओतकामावर पुढे वेगवेगळं मशिनिंग होतं : कुठे बेअरिंगची जागा मोठी, कुठे नळी लांब, कुठे ब्रॅकेट वेगळं. म्हणून उठावाच्या आकड्यावरून घराणं कळतं, माणूस कळत नाही. जे मशिनिंगनंतर ठरतं ते ठोकलेल्या किंवा कोरलेल्या आकड्यात असतं : नळीवरचा जोडणीचा नंबर, क्राऊनच्या कडेचे दात, पिनियनच्या तोंडावरची खूण, बेअरिंग कॅपवरची अक्षरं. ब च्या नळीवर ठोकलेला नंबर होता, पण शेवटचे आकडे गंजाने खाल्ले आहेत.

मग त्यांनी छोट्या हातोडीने गोळ्याला टिचकी मारली आणि कान लावला. स्वच्छ वाजला. एसजी आयर्न (चिवट ओतीव लोखंड) वाजतं, साधं ग्रे कास्ट आयर्न ठस्स करतं, आणि तडा असला तर दोन्ही ठस्स करतात. क चा गोळाही वाजला, म्हणजे वाकली आहे ती फक्त नळी. अण्णांनी जाताना विचारलं, हे सगळं नवीन का घेत नाहीस? उत्तर माझ्याकडे होतं, पण बायको ऐकत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

ब उघडला. आजची नोंद लांब आहे, कारण सगळा खेळ इथे आहे.

पिनियनला ११ दात. विक्रेता खोटं बोलत नव्हता, तो पिनियन मोजून थांबला होता. क्राऊनवर ४१. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३.

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. ब ची पिनियन आणि क ची पिनियन शेजारी ठेवली. दोन्हींना ११ दात. तरी ब ची जाड आहे. क्राऊनचा व्यास तोच, २१६. त्या परिघावर ४१ च दात बसवायचे तर प्रत्येक दात मोठा, मग त्याच मापाचे ११ दात घेणारी पिनियनही मोठी. ४७ बसवायचे तर दात बारीक, पिनियन बारीक. पिनियन जाड झाली की क्राऊनला तिच्यापासून लांब सरकावं लागतं, म्हणून कॅरियरवर क्राऊन ज्या कडेला बोल्टने बसतो ती कडच वेगळ्या अंतरावर असते. डाना ४४ मध्ये हा पडदा ३.७३ आणि ३.९२ यांच्या मध्ये आहे. ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंना एक कॅरियर, ३.९२ आणि वरच्यांना दुसरा. दोन्ही त्याच बेअरिंगवर, त्याच हौसिंगमध्ये (बाहेरच्या गोळ्यात), त्याच बोल्टने मजेत बसतात. फक्त दात एकमेकांना नीट भेटत नाहीत.

म्हणजे ब मध्ये ४७/११ चा नवा क्राऊन-पिनियन सेट आणून नुसता कसला असता तर कॅरियर चुकीचा ठरला असता.

दुसरा कॅरियर कुठून? अ चा आहे : ५.३७५ म्हणजे वरच्या गटातला. पण त्याचे साइड गिअर १९ स्प्लाइनचे आणि ब चे शाफ्ट मोजले तर ३०. क चा कॅरियर मात्र वरच्या गटातला आणि ३० स्प्लाइनचा. ब चा शाफ्ट क च्या साइड गिअरमध्ये सरळ गेला. लोखंडाच्या भावाने घेतलेल्या क ने आपले पैसे इथे वसूल केले.

मग क चा ४७/११ सेटच का वापरू नये? क्राऊनवर आणि पिनियनच्या तोंडावर जोडीचा नंबर कोरलेला असतो. क्राऊन-पिनियन कारखान्यात एकत्र घासून जुळवतात आणि दोन्हींवर एकच नंबर घालतात. क च्या दोघांवर वेगवेगळे नंबर. कुणीतरी दोन मेलेल्या सेटांतून एक जिवंत करायचा प्रयत्न केलेला. दात बघितले तर एका अंगाला चकाकी, दुसऱ्याला खड्डे. गाडी किती ओरडत असेल याची कल्पना येते.

तर "ॲक्सल कुठला" या मामांच्या प्रश्नाचं आजचं उत्तर असं : हौसिंग, शाफ्ट आणि ब्रेक ब चे, कॅरियर क चा, सेट नवा. मामांना फोनवर सांगितलं. "आता गल्ली कळली," म्हणाले आणि फोन ठेवला.

१६ फेब्रुवारी

ब ची मापं. फ्लँजच्या तोंडापासून तोंडापर्यंत अ पेक्षा साडेसात सेंटिमीटर जास्त. टायर प्रत्येक बाजूला पावणेचार सेंटिमीटर बाहेर येणार, मडगार्डच्या आत कसाबसा बसतोय. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बैठकीचं अंतरही जुळत नाही, त्या कापून नव्या वेल्ड करायच्या.

नळी सरळ आहे का, हे गोकुळ शिरगावला नेऊन सरफेस टेबलवर तपासलं. दोन टोकांना फिरत्या व्ही ब्लॉकवर ठेवून डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावला. भंगारातल्या मालाच्या मानाने उत्तम.

स्टार आणि पिन झिजलेले नाहीत. साइड गिअरमागच्या वायसर नव्या टाकल्या.

२३ फेब्रुवारी

नवा ४७/११ सेट आला. पेटी उघडल्यावर पहिलं काम जोडीचा नंबर बघणं. दोन्हींवर एकच. पिनियनच्या तोंडावर अधिक २ अशी खूण.

ही अधिक-उणेची खूण लोक सोडून देतात. तो आकडा इंचाच्या हजाराव्या भागात असतो : ही पिनियन नेमक्या जागेपासून किती लांब किंवा जवळ बसली की आवाज करणार नाही. ब च्या जुन्या पिनियनवर उणे १ होतं आणि तिच्या आतल्या बेअरिंगमागे शिमचा गठ्ठा होता. उणे १ वरून अधिक २ म्हणजे तीन हजारांशाने लांब, म्हणजे गठ्ठ्यातून ०.०७५ मिमी कमी. ही सुरुवात. अंतिम शब्द, रंग लावून फिरवल्यावर दातांवर उमटणाऱ्या ठशाचा.

२ मार्च, रविवार

मामांच्या शेडमध्ये. बाहेर ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि त्यांच्या टेपचा दणदणाट, आत आम्ही हजारांश मोजतोय.

बेअरिंग कॅप काढायच्या आधी त्यांवरची अक्षरं आणि हौसिंगवरची अक्षरं जुळवून फोटो काढले. कॅप हौसिंगसोबत बोअर केलेल्या असतात. डावी-उजवी झाली किंवा उलटी बसली की बेअरिंग दबतं. कॅरियर क चा असला तरी कॅप ब च्याच राहणार.

कॅरियर आत जाताना हौसिंग किंचित पसरवावं लागतं. बाजारात त्यासाठी चौकट मिळते, मामांनी टर्नबकलपासून स्वतःची बनवली आहे. डायल लावून पसरवलं. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जायचं नाही, नाहीतर गोळा परत मूळ मापावर येत नाही. मी आकडा वाचत होतो, मामा पाना फिरवत होते आणि दर पाव फेरीला "बास?" विचारत होते. त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला.

पिनियन बेअरिंगचा प्रिलोड (बसवतानाच दिलेला दाब) दोरी आणि स्प्रिंगकाट्याने. फ्लँजवर पाच सेंटिमीटर त्रिज्येला दोरी गुंडाळून ओढली, सुटल्यावर एकसारखं फिरताना काटा सहा किलोवर. साधारण ३ न्यूटन मीटर. नव्या बेअरिंगला चालतं.

ठसा. मी मार्किंगची ट्यूब आणली होती, मामांनी ती बाजूला सारून शेंदूर आणि तेल कालवलं. क्राऊनला अडवून धरत फिरवलं. पहिला ठसा दाताच्या माथ्याकडे, म्हणजे पिनियन अजून थोडी लांब. ०.०५ चा शिम घातला, परत सगळं उघडून परत बसवलं. दुसरा ठसा मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे, वजनाखाली बाहेर सरकेल असा. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, उलट्या बाजूचा ठसाही बघितला आणि मान हलवली. बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) चार ठिकाणी मोजला, ०.१८ च्या आसपास. हवा होता ०.१३ ते ०.२५.

ही मंडळी डायलशिवाय हे काम करत आली आहेत, हाताला लागणाऱ्या खडखडीवर. मामांचा अंदाज घेऊन मी डायल लावला तर फरक नगण्य होता. तरीही डायल लावावाच असं माझं मत, कारण सगळ्यांचा हात मामांचा नसतो.

१६ मार्च

पाट्यांच्या बैठका. आधी नुसत्या टाके मारून ठेवल्या. गिअरबॉक्सचा आउटपुट ४ अंश खाली झुकलेला. पिनियनचं तोंड त्याला समांतर हवं, पण पाट्यांवर ताकद आली की पिनियन नाक वर करते, म्हणून एक अंश खाली ठेवली. गाडीत पाच माणसं बसवून, म्हणजे गल्लीतली पोरं, परत कोन मोजला आणि मगच पूर्ण वेल्ड. नळी तापून वाकू नये म्हणून थोडं थोडं, बाजू बदलत, मध्ये थंड होऊ देत.

प्रोपेलर शाफ्टसाठी क्रॉस मोजले. जुन्या शाफ्टच्या क्रॉसची टोपी २७ मिमी, गिअरबॉक्सकडची वेगळी. जुगाड करण्यापेक्षा ब च्या फ्लँजला बसणारं टोक घेऊन नवा शाफ्ट त्या लांबीचा बनवायला दिला, बॅलन्सिंगसह. लांबी गाडी चाकांवर उभी असताना घेतली.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, पूजा. दुपारी ईपी ९० जीएल-५ तेल भरलं, ब्रीदर (आतली हवा सुटायचं तोंड) साफ केला, यू-बोल्ट परत आवळले. हँडब्रेकची केबल जोडली. शेडसमोरच्या उतारावर जीप प्रथमच दगडाशिवाय उभी राहिली. नारळ दाजींनी फोडला.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

येत्या शनिवारी, १२ तारखेला, जोतिबाची चैत्र यात्रा. त्या आठवड्यात वाघबीळकडे फिरकायची सोय नाही, म्हणून चाचणी आजच.

पहिले वीस-पंचवीस किलोमीटर कागलच्या दिशेने हळू, जोर न देता, मग थांबून थंड होऊ दिलं. नवा सेट पहिल्यांदा तापतोच. पिनियनपाशी तापमापक धरला, ६८ अंश, हात क्षणभर टेकवता येतो. परत येताना हायवेला पाचवा गिअर, २००० फेऱ्या. मोबाइलवर वेग ७३ ते ७४. कागदावर ७४ होता. फेऱ्यांचा मीटर अल्टरनेटरच्या डब्ल्यू टोकावर जोडलेला आहे आणि पुलीवर हातातल्या टॅकोमीटरने आधी ताडून घेतला होता, म्हणून या आकड्यावर माझा विश्वास आहे. गाडीचा जुना स्पीडोमीटर मात्र आता नुसता शोभेचा.

वाघबीळचा चढ तिसऱ्यात, सहा माणसं. गॅस सोडल्यावर उतारावर पिनियन शिट्टी मारते का, हे ऐकायला मी खिडकीत कान घालून बसलो होतो. गॅसवर शांत, सोडल्यावर शांत. साधारण ५५ ला एक बारीक थरथर येते, ती शाफ्टची की टायरची हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या रविवारी मागची दोन चाकं अदलाबदल करून बघणार. थरथर जागेवर राहिली तर शाफ्ट परत बॅलन्सिंगला.

राहिलेलं : ८०० किलोमीटरला डिफरन्शलचं तेल बदलणे आणि चुरा बघणे, यू-बोल्ट परत एकदा, स्पीडोमीटरची सोय, आरसी बुकावर नव्या इंजिन नंबरसाठी गाडी तपासणीला नेणे. क चा वाकलेला सांगाडा परत भंगारात. अ चा ॲक्सल एक जण मागतोय, फोर-व्हील जीपसाठी. त्याला ४३/८, १९ स्प्लाइन, टेपर, उजवीकडचा गोळा, असं पाटीवर खडूने लिहून दिलं आहे.